इब्न बतूता खोटं बोलला का? कुतुबमिनार, जिन्यातले हत्ती आणि जुन्या प्रवाशांची मापं

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौदाव्या शतकातला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता लिहितो की कुतुबमिनाराचा जिना इतका रुंद आहे की त्यातून हत्ती वर जातात. प्रत्यक्षात तो जिना अरुंद आहे. मग या माणसाला खोटारडा समजायचं का? दिल्लीतल्या वारसाफेरीसाठी माहितीपत्रक लिहिताना त्याची बाकीची वर्णनं आणि मापं वापरायची, की सगळीच बाजूला ठेवायची?

माझं उत्तर आधी सांगतो. हत्तीचं वाक्य चूक आहे, यात शंका नाही. पण त्यावरून अख्खा माणूस निकालात काढला तर चौदाव्या शतकातल्या कुतुबमिनाराबद्दलचा एक फार मोलाचा पुरावा हातचा जाईल. जुन्या वास्तूंची नोंद करताना प्रवासवर्णन अख्खं स्वीकारायचं किंवा अख्खं टाकून द्यायचं नसतं. वाक्यं सुटी करायची आणि प्रत्येकाला विचारायचं: हे त्यानं हात लावून मोजलंय, डोळ्यांनी पाहिलंय, की कुणाकडून ऐकलंय? उत्तर कशासाठी हवंय यावरही बरंच अवलंबून आहे. मिनाराची उंची हवी असेल तर इब्न बतूताचा काही उपयोग नाही. मिनार त्या काळी कसा दिसत होता हे हवं असेल, तर त्याच्याइतका उपयोगी साक्षीदार क्वचितच सापडतो.

त्याचं हे प्रवासवर्णनाचं पुस्तक कसं तयार झालं ते आधी लक्षात घ्या, कारण अर्ध्या चुकांचं मूळ तिथं आहे. इब्न बतूता १३२५ साली तांजियरहून निघाला, १३३४ ते १३४२ या काळात दिल्लीत होता, महंमद तुघलकाच्या दरबारात काझी होता. पण पुस्तक तयार झालं १३५५ साली, मोरोक्कोतल्या फेज शहरात. तिथल्या सुलतान अबू इनानच्या हुकमावरून इब्न बतूतानं आठवणी सांगितल्या आणि इब्न जुझय्य नावाच्या साहित्यिक कारकुनानं त्या लिहून, सजवून घेतल्या. म्हणजे दिल्ली सोडल्यावर तेरा वर्षांनी. टिपणांचं म्हणाल तर बुखाऱ्यातल्या थडग्यांवरचे लेख उतरवून घेतलेले कागद समुद्रावर लुटारूंनी नेले, असं तो स्वतःच सांगतो. त्यामुळे आकडे, दिशा आणि नावं यांची सरमिसळ होणारच, हे गृहीत धरून वाचायला बसावं.

आता कुतुबबद्दल तो नेमकं काय म्हणतो ते पाहू. मिनार मशिदीच्या उत्तरेकडच्या अंगणात आहे. मुसलमानी मुलखांत त्याला जोड नाही. तो तांबड्या दगडाचा असून त्यावर कोरीवकाम आहे. माथ्यावरचा गोळा चकचकीत पांढऱ्या संगमरवराचा आणि त्याची फळं (फळांच्या आकाराची सजावट) शुद्ध सोन्याची आहेत. आतली वाट इतकी रुंद की हत्ती चढतात. आणि बांधकाम चालू असताना दगड घेऊन वर जाणारा हत्ती आपण पाहिला, असं एका विश्वासू माणसानं सांगितलं. मिनार कुणी बांधला? सुलतान बल्बनाचा नातू मुइझुद्दीन यानं.

यात हत्तीचं वाक्य सगळ्यात सोपं आहे, म्हणून ते आधी निकालात काढू. जिना प्रत्यक्ष मोजायचीही गरज नाही. कुतुबमिनाराची उंची ७२.५ मीटर, पायथ्याचा व्यास १४.३२ मीटर आणि माथ्याचा व्यास २.७५ मीटर. यातला शेवटचा आकडा पुरेसा आहे. २.७५ मीटर हे बाहेरून बाहेरचं माप, म्हणजे भिंतीची जाडी धरून. वाढलेल्या हत्तीची खांद्यापाशी उंचीच साधारण अडीच ते तीन मीटर भरते, लांबी त्याच्या दुपटीच्या आसपास. तो त्या गोलात मावतच नाही, वळण घेणं लांबच. आजचे वरचे दोन मजले नंतरचे आहेत आणि त्यानं पाहिलेला माथा वेगळा होता, असा मुद्दा कुणी काढील. तो बरोबर आहे, पण निष्कर्ष बदलत नाही, कारण खालच्या मजल्यांचा निमुळतेपणा तोच आहे आणि गोल जिना मधल्या खांबाभोवती फिरतो. पायऱ्या ३७९, ७२.५ मीटरला भागलं तर एका पायरीला सरासरी १९ सेंटिमीटर चढ येतो. माणसासाठी नेहमीचा, मोठ्या जनावरासाठी गोल फिरत चढायला अशक्य. या जिन्याच्या अरुंदपणाची फार दुःखद साक्ष १९८१ सालची आहे. त्या वर्षी ४ डिसेंबरला आतले दिवे गेले, चेंगराचेंगरी झाली आणि ४५ माणसं मरण पावली, त्यांत बरीच शाळकरी मुलं होती. तेव्हापासून जिना बंद आहे.

पण एवढ्यावर थांबू नका. चूक झाली हे कळल्यावर ती कशी झाली हे शोधणं जास्त कामाचं असतं, कारण त्यातून बाकीची वाक्यं कशी वाचायची ते कळतं. “विश्वासू माणसानं सांगितलं” हे शब्द पकडा. कुतुबमिनाराचं काम कुतुबुद्दीन ऐबकानं बाराव्या शतकाच्या शेवटी सुरू केलं आणि इल्तुतमिशच्या काळात, म्हणजे १२११ ते १२३६ च्या दरम्यान, ते पुरं झालं. इब्न बतूता दिल्लीला आला १३३४ मध्ये. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या बांधकामाचा प्रत्यक्षदर्शी त्याला भेटणं शक्यच नाही.

मात्र त्याच आवारात दुसरा एक मिनार आहे, अपुरा राहिलेला. तो अलाउद्दीन खिलजीचा. जुन्या मिनाराच्या दुप्पट घेराचा मिनार उभा करायचा त्याचा बेत होता. अमीर खुसरौच्या लिखाणातही त्याचा उल्लेख आहे. १३१६ मध्ये अलाउद्दीन वारला आणि काम पहिल्या मजल्यावरच थांबलं. आज त्याला अलाई मिनार म्हणतात. हे काम इब्न बतूता येण्याच्या जेमतेम अठरा-वीस वर्षं आधीचं. ते डोळ्यांनी पाहिलेली कितीतरी माणसं तेव्हा दिल्लीत हयात असणार. एवढ्या प्रचंड घेराच्या बांधकामाला दगड वाहायला हत्ती लावले असतील, उतरणीच्या भरावावरून ते थोडे वर गेले असतील, तर त्यात अशक्य काही नाही. माझा अंदाज असा की हत्तीची आठवण खरी असावी, पण ती शेजारच्या मिनाराची असावी. तेरा वर्षांनी फेजमध्ये सांगताना ती एका मिनारावरून दुसऱ्यावर गेली. हा अंदाज आहे, सिद्ध गोष्ट नाही. माहितीपत्रकात लिहिलंत तर अंदाज म्हणूनच लिहा.

याला जोडून दुसरी एक बाब आहे, ती सहसा कुणी लक्षात घेत नाही. हे पुस्तक ज्यांच्यासाठी सांगितलं गेलं ते मोरोक्कोचे लोक. त्यांच्या ओळखीचे उंच मिनार जिन्याचे नव्हतेच. माराकेशचा कुतुबिया आणि स्पेनमधल्या सेव्हिलचा मिनार (आजचा हिराल्दा, बांधकाम ११८४ ते ११९८) यांच्या आत पायऱ्यांऐवजी चढती उतरण आहे, घोडेस्वार वर जाईल अशी. राबातचा हसन मिनारही तसाच; ११९९ मध्ये सुलतान याकूब अल-मन्सूर वारला आणि तो ४४ मीटरांवर अपुरा राहिला. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या दीपस्तंभातही उतरणच होती. त्यामुळे मिनाराची रुंदी सांगताना “आतून जनावर वर जातं” असं म्हणायची त्या जगात पद्धतच होती. माराकेशच्या मिनारावर इब्न बतूता स्वतः चढलाय आणि वरून सगळं शहर दिसतं असं त्यानं लिहिलंय. फेजच्या श्रोत्याला दिल्लीच्या मिनाराचं मोठेपण पटवायचं तर घोडा पुरेसा नव्हता. हिंदुस्तानचं जनावर हत्ती. याच वर्णनात पुढे अपुऱ्या मिनाराच्या वाटेतून तीन हत्ती शेजारी-शेजारी चढतील असंही येतं. तिथं तर हे मोजमाप नसून मोठेपण सांगायची रीत आहे हे उघडच दिसतं.

बांधणाऱ्याच्या नावाची चूक आणखी बोलकी आहे. कुतुबच्या सर्वांत खालच्या मजल्यावर कोरीव लेखांचे पट्टे आहेत. त्यांत घोरी घराण्यातल्या दोन भावांची नावं येतात, गियासुद्दीन आणि मुइझुद्दीन. मुइझुद्दीन म्हणजे आपण ज्याला महंमद घोरी म्हणतो तो. आता इब्न बतूताचं वाक्य पुन्हा वाचा: मुइझुद्दीन, नासिरुद्दीनचा मुलगा, गियासुद्दीन बल्बनाचा नातू. मिनारावरची दोन्ही बिरुदं त्याच्या वाक्यात आहेत, फक्त ती शंभर वर्षं पुढच्या माणसांना चिकटली आहेत. म्हणजे त्यानं किंवा त्याला माहिती देणाऱ्यानं दगडावरची नावं वाचली होती, ती कुणाची हे मात्र कळलं नाही. एकाच बिरुदाचे दोन-तीन सुलतान असले की ही चूक हमखास होते, आजही होते. अपुऱ्या मिनाराच्या बाबतीत तेच झालंय. तो कुतुबुद्दीननं सुरू केला असं तो लिहितो, म्हणजे अलाउद्दीनचा मुलगा कुतुबुद्दीन मुबारक. बाप-लेकांत अदलाबदल झाली.

दिशाही गडबडल्या आहेत. कुतुब उत्तरेच्या अंगणात आणि अपुरा मिनार पश्चिमेच्या, असं तो म्हणतो. प्रत्यक्षात कुतुब दक्षिणेला आणि अलाई मिनार त्याच्या उत्तरेला आहे.

मग बरोबर काय आहे? रंग आणि माथा. मिनार तांबड्या दगडाचा आणि वर पांढऱ्या संगमरवराचा गोळा, हे वाक्य आज मिनारासमोर उभं राहून वाचलं तर खटकेल, कारण आजचे चौथा आणि पाचवा मजला संगमरवर आणि तांबडा दगड मिसळून बांधलेले आहेत आणि माथा सपाट आहे. पण ते मजले फिरोजशहा तुघलकाचे. १३६८ च्या सुमारास वीज पडून वरचा भाग मोडला, तेव्हा त्यानं तो नव्यानं बांधला. इब्न बतूतानं मिनार पाहिला तो या घटनेच्या पंचवीस-तीस वर्षं आधी. म्हणजे वीज पडण्यापूर्वीचा माथा कसा होता याचं वर्णन आपल्याला त्याच्याकडून मिळतं. पुढे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला सिकंदर लोदीनं दुरुस्ती केली, १८०३ च्या भूकंपात पुन्हा नुकसान झालं, १८२८ मध्ये मेजर रॉबर्ट स्मिथनं वर घुमटी बसवली आणि १८४८ मध्ये ती उतरवली. ती आजही आवारातल्या हिरवळीवर ठेवलेली आहे. इतक्या वेळा हात फिरलेल्या वास्तूचा मूळ माथा आज पाहून समजणं शक्य नाही. त्याच्या या एका ओळीची किंमत हत्तीच्या चुकीपेक्षा कितीतरी जास्त आहे. सोन्याची फळं खरोखर सोन्याची होती की मुलामा दिलेली, हे मात्र खालून पाहणाऱ्याला कळण्यासारखं नाही. तिथं “सोनेरी” एवढंच घ्या.

अपुऱ्या मिनाराच्या वर्णनात तो आपण स्वतः वर चढलो असं स्पष्ट सांगतो, आणि भाषा लगेच बदलते. वरून शहरातली बहुतेक घरं दिसली, उंच तटबंदी बुटकी वाटली, पायथ्याशी उभी असलेली माणसं लहान मुलांएवढी भासली. आणि घेर फार मोठा असल्यानं खालून मिनार तितका उंच वाटत नाही. हे शेवटचं निरीक्षण तर वास्तूच्या जाणकाराचं आहे. कुतुबबद्दल मात्र “मी चढलो” असं तो कुठेही म्हणत नाही. हा फरक लक्षात ठेवा.

याच परिच्छेदात एक आकडाही आहे. अलाई मिनाराचा एक तृतीयांश भाग बांधून झालाय आणि तेवढाच अख्ख्या कुतुबइतका उंच आहे, असं तो लिहितो. आज अलाई मिनार २४.५ मीटर आहे. कुतुबच्या ७२.५ मीटरांशी ताडून पाहिलं तर तो जवळजवळ बरोबर एक तृतीयांश भरतो. म्हणजे अपूर्णांक बरोबर, पण तो कशाचा याची उलटापालट झालेली. आठवणीत आकडा टिकतो आणि त्याचा संदर्भ सुटतो, हे जुन्या प्रवासवर्णनांत वारंवार दिसतं. म्हणून एखादा आकडा चुकीचा वाटला तर तो फेकण्याआधी आसपासच्या दुसऱ्या कशाला तो लागू पडतो का, हे तपासून पाहा.

आता त्याच आवारातला लोहस्तंभ. तो तर जमिनीवरच, हाताशी आहे, मग तिथं माप बरोबर यायला हवं. इब्न बतूता सांगतो: स्तंभ सात धातूंचा आहे, लांबी तीस हात, आणि आम्ही त्याला फेटा गुंडाळून पाहिला तेव्हा भोवती बसलेला भाग आठ हात भरला. प्रत्यक्षात स्तंभ एकूण ७.२ मीटरच्या आसपास, त्यातला मीटरभर भाग जमिनीत. बुंध्याचा व्यास साधारण ४२ सेंटिमीटर, म्हणजे घेर सुमारे १.३ मीटर. हात अर्ध्या मीटरचा धरला तर त्याची उंची १५ मीटर आणि घेर ४ मीटर होतो. उंची दुपटीहून जास्त, घेर तिप्पट. आठ हात कापड त्या खांबाला बरोबर तीन वेढे घेतं. वेढे मोजायचे राहिले आणि कापडाची लांबीच घेर म्हणून लक्षात राहिली, असं झालं असावं असं मला वाटतं. शिवाय स्तंभ सात धातूंचा नाही, घडीव लोखंडाचा आहे. तेव्हा स्वतः मोजलं असं सांगितलं तरी माप आपोआप बरोबर ठरत नाही. मोजायची पद्धत कोणती होती आणि त्यात चूक कुठं शिरू शकते, तेही पाहावं लागतं.

याच्या अगदी उलट उदाहरण अलेक्झांड्रियाच्या दीपस्तंभाचं आहे, आणि उंच इमारतींच्या इतिहासात तुम्हाला खरी गोडी असेल तर मी कुतुबपेक्षा आधी त्याकडे वळायला सांगेन. इसवी सनापूर्वी २८० च्या सुमारास इजिप्तच्या टॉलेमी राजांच्या काळात तो उभा राहिला. खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल असे तीन टप्पे. उंची शंभर मीटरांहून अधिक असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दीड हजार वर्षांहून जास्त काळ तो उभा होता. भूकंपांनी तो हळूहळू खिळखिळा केला, त्यात १३०३ चा भूकंप मोठा. इब्न बतूता १३२६ मध्ये तिथं पोचला तेव्हा एक बाजू ढासळलेली होती. त्यानं दिलेला तपशील असा: इमारत चौकोनी, दार जमिनीपासून बरंच वर, दारासमोर तेवढ्याच उंचीचं दुसरं बांधकाम, मध्ये फळ्या टाकलेल्या, फळ्या काढल्या की आत जायला वाट नाही. आतल्या वाटेची रुंदी नऊ विती, भिंतीची जाडी दहा विती, आणि चारही बाजू प्रत्येकी एकशे चाळीस विती.

वीत बावीस ते चोवीस सेंटिमीटर धरा. एकशे चाळीस विती म्हणजे ३१ ते ३४ मीटर. आधुनिक अभ्यासकांनी पायाची बाजू साधारण ३० मीटर धरली आहे. आतली वाट दोन मीटर, भिंत सव्वादोन मीटर. तीन टप्प्यांच्या एवढ्या इमारतीला हे शोभणारं आहे. त्याच्याआधी ११८३ मध्ये येऊन गेलेला अंदालुसियाचा (मुसलमानी स्पेनचा) प्रवासी इब्न जुबैर हा नेहमी फार काटेकोर मानला जातो, पण त्यानं एक बाजू पन्नास वावांहून (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी) जास्त आणि उंची दीडशे पुरुषांहून (पुरुष म्हणजे माणसाची उंची) जास्त लिहिली. पन्नास वाव म्हणजे नव्वद मीटरांच्या वर, तिप्पट चूक. कदाचित त्यानं इमारतीची बाजू न मोजता भोवतालच्या चौथऱ्याची मोजली असेल. उंचीचा आकडा तर “म्हणतात की” अशा शब्दांत दिला आहे, आणि तो म्हणतात-की-सारखाच आहे.

इथं एक खबरदारी सांगायला हवी. इब्न जुझय्यनं पुस्तक सजवताना दमास्कस, मक्का, मदिना यांसारख्या ठिकाणची वर्णनं बऱ्याच प्रमाणात इब्न जुबैरच्या ग्रंथातून घेतली आहेत. पॅलेस्टाइनच्या भागात अल-अब्दरी नावाच्या आणखी एका मगरिबी (वायव्य आफ्रिकेतल्या) यात्रेकरूचं लिखाण उतरलं आहे. तेव्हा सीरियातल्या कुठल्याही मशिदीचं किंवा मिनाराचं वर्णन इब्न बतूताच्या नावावर देण्याआधी ते इब्न जुबैरशी ताडून पाहा. दीपस्तंभाची मापं इब्न जुबैरहून निराळी आहेत, म्हणजे निदान त्याच्याकडून घेतलेली नाहीत. उसनं घेतलेलं माप वाईटच असतं असंही नाही. भिंतीला हात लावून कुणीतरी ते मोजलं असेल तर ते कामाचंच. फक्त ते कुणाचं आणि कोणत्या वर्षाचं, एवढं नीट लिहायला हवं.

दीपस्तंभाबद्दल इब्न बतूताचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मात्र मापाचं नाही. १३४९ मध्ये परतीच्या वाटेवर तो पुन्हा अलेक्झांड्रियाला आला, तेव्हा आत शिरणं किंवा दारापर्यंत चढणंही शक्य राहिलं नव्हतं, इतकी पडझड झाली होती. इजिप्तचा सुलतान अन-नासिर यानं शेजारी तसाच नवा मनोरा बांधायला घेतला होता, पण मृत्यूमुळे तो राहून गेला, असंही तो नोंदवतो. अन-नासिर १३४१ मध्ये वारला. १३२६ ला आत जाता येत होतं, १३४९ ला नाही. एकाच माणसाच्या दोन भेटींमुळे या जगप्रसिद्ध इमारतीचा शेवट तेवीस वर्षांच्या अंतरात पकडता येतो. पुढे १४७७ मध्ये सुलतान कायतबायनं त्या जागेवर किल्ला बांधायला घेतला, तो आजही उभा आहे.

आतापर्यंतचं तीन ओळींत: रुंदी, जाडी, वाट यांसारखी हाताच्या टप्प्यातली मापं बऱ्याचदा वापरण्याजोगी असतात, उंची जवळजवळ कधीच नसते, आणि वास्तू कोणत्या साली कोणत्या अवस्थेत होती, ही माहिती सगळ्यात भरवशाची असते.

उंचीच का चुकते, हे थोडं सविस्तर सांगतो. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत वितीनं मोजता येते, बाजू पावलांनी. उंचीला हात पोचत नाही. वर चढून दोरीला दगड बांधून खाली सोडणं हा खरा उपाय. अलेक्झांड्रियाच्या दीपस्तंभावर बाराव्या शतकात मालागाच्या इब्न अश-शैखनं तो केला होता, टप्प्याटप्प्यानं. पण निमुळत्या मनोऱ्यावर दोरी भिंतीला घासत येते, वाऱ्यानं पोट काढते, आणि माप वाढून येतं. पायऱ्या मोजून गुणायचं तर सगळ्या पायऱ्या सारख्या नसतात. खालून नुसतं डोळ्यांनी पाहणारा तर आकाराच्या दडपणाखालीच असतो. जवळ उभं राहून मान वर केली की वरचे मजले आखडतात आणि मोजायला काही खूणच उरत नाही.

सावलीचा मार्ग मात्र त्या काळीही माहीत होता, आणि जिना बंद असल्यानं तुमच्या फेरीत तुम्ही तो करून दाखवू शकता. एक मीटरची सरळ काठी ओळंब्यानं उभी धरा. काठीची सावली मोजा आणि त्याच क्षणी दुसऱ्या माणसानं मिनाराच्या सावलीच्या टोकाला खूण करावी. एवढ्या उंच मनोऱ्याच्या सावलीचं टोक मिनिटाला फूटभर तरी सरकतं, म्हणून दोन्ही खुणा एकदमच व्हायला हव्यात. समजा काठीची सावली १.२० मीटर आली आणि मिनाराची सावली पायथ्याच्या कडेपासून ७९.८ मीटर. इथंच बहुतेक जण चुकतात आणि ७९.८ ला १.२० नं भागून ६६.५ मीटर काढतात. सावली मिनाराच्या मध्यापासून धरायला हवी, म्हणजे पायथ्याचा अर्धा व्यास, ७.१६ मीटर, त्यात मिळवायला हवा. बेरीज ८६.९६, भागाकार ७२.५. सूर्य ठिपका नसून थाळी असल्यानं एवढ्या लांबीवर सावलीची कड मीटरभराहून जास्त पुसट होते, शिवाय माथा सपाट आहे. त्यामुळे दोन-तीन टक्क्यांचा फरक पडला तर माप चांगलंच आलं असं समजा. भर दुपारी सावली उत्तरेला मशिदीच्या अवशेषांवर पडते आणि तिथं फीत सरळ धरता येत नाही. मोकळ्या सपाट जमिनीवर सावली येईल अशी वेळ आधी जाऊन बघून ठेवा.

इब्न बतूता भोळा नव्हता, हे दाखवणारं एक उदाहरण देतो, कारण हत्तीमुळे त्याच्याबद्दल तसं मत होतं. बसऱ्याच्या मशिदीचा एक मिनार हजरत अलींचं नाव घेतलं की हलतो, अशी ख्याती होती. तो छतावरून वर गेला. मिनारात गवंड्याच्या थापीच्या मुठीसारखी एक लाकडी मूठ ठोकलेली होती. बरोबरच्या माणसानं मुठीवर हात ठेवून अलींचं नाव घेतलं आणि ती हलवली, मिनार हलला. मग इब्न बतूतानं स्वतः मूठ धरली, अबू बकरचं नाव घेतलं आणि हलवली. मिनार तेव्हाही हलला. विटांच्या बारीक, उंच मनोऱ्याला स्वतःची एक झुलायची लय असते. त्या लयीत माणसानं हातानं रेटा दिला तरी डोलणं वाढत जातं. अहमदाबादच्या झुलत्या मिनारांतही हेच दिसायचं. कारण त्याला ठाऊक नव्हतं, पण एकच गोष्ट बदलून पुन्हा करून पाहायची, हे त्याला पक्कं कळत होतं.

तुमची फेरी पुढे दौलताबादला जाणार असेल तर तिथंही त्याचा आधार घेता येईल. दिल्ली सोडून तो देवगिरीवरून नंदुरबारकडे आणि पुढे खंबायतला गेला. सपाट मुलखातला एकटा खडक, तो तासून वर बांधलेला किल्ला, आणि रात्री वर ओढून घ्यायची चामड्याची शिडी, हे त्याचं वर्णन तिथल्या तासलेल्या कड्याशी चांगलं जुळतं. चाँद मिनार मात्र त्याच्या वर्णनात शोधू नका. तो पंधराव्या शतकात बहमनींनी बांधला, इब्न बतूता येऊन गेल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी.

माहितीपत्रकात मी पुढीलप्रमाणे लिहीन: “इब्न बतूतानं हा मिनार १३३४ ते १३४२ च्या दरम्यान, म्हणजे वीज पडण्यापूर्वी पाहिला. तेव्हा तो तांबड्या दगडाचा असून माथ्यावर पांढऱ्या संगमरवराचा गोळा होता, असं तो सांगतो. आतून हत्ती चढतात असं तो सांगतो, आणि बांधकामाच्या वेळी हत्ती चढल्याचं ऐकीव म्हणून देतो. मिनाराच्या मापांवरून ते शक्य नाही.” आवाराचा नकाशा छापत असाल तर त्यात उत्तर दिशा ठळक दाखवा आणि खाली टीप द्या की त्याच्या वर्णनात दोन्ही मिनारांच्या जागा चुकल्या आहेत. नाहीतर मूळ वर्णन वाचून आलेला माणूस अपुरा मिनार पश्चिमेला शोधत बसेल.